सुझुकी: मोटार आणि मोटारसायकल एकाच कंपनीची, कर्जत-खालापुरात मात्र तीन रस्ते, तीन नियम

सुझुकी ही जपानच्या हामामात्सू शहरातील कंपनी मोटारी बनवते आणि मोटारसायकलीही. रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत तिची दोन्ही प्रकारची वाहने रोज दिसतात. नेरळ स्टेशनबाहेर माथेरानच्या टॅक्सी म्हणून उभ्या राहणाऱ्या मारुती व्हॅन, खोपोलीत फिरणाऱ्या वॅगन आर आणि ईको, कर्जतच्या बाजारपेठेत लावलेल्या अ‍ॅक्सेस स्कूटर, शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या जिक्सर मोटारसायकली ही सगळी त्याच घराण्यातील वाहने.

पण या दोन तालुक्यांतील रस्ते त्यांना सारखी वागणूक देत नाहीत.

- मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग: मोटारीला परवानगी, दुचाकीला बंदी.
- जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि बोरघाट: दोन्हींना परवानगी.
- नेरळ-माथेरान घाट: दोन्हींना दस्तुरी नाक्यापर्यंत परवानगी, त्यापुढे दोन्हींना बंदी.

हे असे का, घाटात कोणते वाहन कसे वागते आणि चढापेक्षा उताराला जास्त का जपावे लागते, याची ही माहिती.

सुझुकी म्हणजे नेमकी कोणती कंपनी?

जपानच्या वाहन कंपन्यांची नावे आपल्याकडे सरसकट घेतली जातात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. यामाहा आणि कावासाकी मोटारसायकली बनवतात, प्रवासी मोटारी विकत नाहीत. टोयोटा आणि निसान मोटारी बनवतात, मोटारसायकली नाही. मोठ्या प्रमाणावर दोन्ही बनवणाऱ्या ठळक कंपन्या दोनच: होंडा आणि सुझुकी.

सुझुकीची सुरुवात वाहनांपासून झालेली नाही. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये कापड विणण्याचे माग बनवायला सुरुवात केली. कंपनीचा वाहन व्यवसाय आकाराला आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५२ मध्ये सायकलला बसवण्याचे छोटे इंजिन बाजारात आले. १९५४ मध्ये कंपनीच्या नावात 'मोटर' हा शब्द आला आणि १९५५ मध्ये 'सुझुलाइट' ही तिची पहिली छोटी मोटार तयार झाली. लहान इंजिन, कमी वजन आणि कमी खर्च ही या कंपनीची तेव्हापासूनची ओळख. भारतात ती रुजली तीही याच गुणांमुळे.

भारतात सुझुकीची मोटार आणि दुचाकी वेगवेगळ्या कंपन्या बनवतात. मोटारी 'मारुती सुझुकी इंडिया'च्या, तर स्कूटर आणि मोटारसायकली 'सुझुकी मोटरसायकल इंडिया'च्या. त्यामुळे मारुतीच्या शोरूममध्ये अ‍ॅक्सेस मिळत नाही आणि सुझुकी दुचाकीच्या शोरूममध्ये स्विफ्ट मिळत नाही.

मारुती कशी आली?

'मारुती उद्योग' ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली. १९८२ मध्ये तिने सुझुकीशी करार केला आणि सुझुकीने २६ टक्के हिस्सा घेतला. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. त्या वेळी गाडीची किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास होती. तोपर्यंत भारतीय रस्त्यांवर प्रामुख्याने अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोनच गाड्या दिसत.

पाठोपाठ १९८४ मध्ये मारुती व्हॅन आली. तिलाच पुढे 'ओम्नी' हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'मारुती व्हॅन'च राहिली. १९८५ मध्ये जिप्सी आली. सुझुकीचा हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढत गेला. २००२ मध्ये तो ५० टक्क्यांच्या वर गेला, २००३ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि २००७ मध्ये सरकार पूर्णपणे बाहेर पडले. त्याच वर्षी कंपनीचे नाव 'मारुती सुझुकी इंडिया' झाले.

या भागीदारीमागची मोठी व्यक्ती म्हणजे ओसामू सुझुकी. अनेक दशके त्यांनी कंपनी चालवली. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२५ च्या प्रजासत्ताकदिनी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

आणि मोटारसायकल?

दुचाकीसाठी सुझुकीने दक्षिणेतील टीव्हीएस समूहाचा हात धरला. १९८४ मध्ये 'इंड-सुझुकी' ही १०० सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आली. त्याच काळात हिरो होंडाची सीडी १००, एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० आणि बजाजची कावासाकी केबी १०० याही आल्या. चारही गाड्यांमागे जपानी तंत्रज्ञान होते. जड बुलेट, राजदूत आणि येझदीनंतर हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी पहिल्यांदाच सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आली.

पुढे 'टीव्हीएस-सुझुकी' या नावाने सामुराई, शोगन, मॅक्स १०० अशा गाड्या आल्या. २००१ मध्ये दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या. टीव्हीएस स्वतंत्रपणे पुढे गेली आणि सुझुकीने २००६ पासून स्वतःच्या नावाने गुडगावमध्ये दुचाकी बनवायला सुरुवात केली. २००७ मध्ये अ‍ॅक्सेस १२५ ही बिनगिअरची स्कूटर आली आणि २०१४ मध्ये जिक्सर. म्हणून जुन्या सामुराईचे सुटे भाग शोधणाऱ्याला आजच्या सुझुकी शोरूमचा फारसा उपयोग होत नाही. ती गाडी दुसऱ्याच भागीदारीतील आहे.

पहिला रस्ता: नेरळ-माथेरान घाट

माथेरान कर्जत तालुक्यात आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ८०० मीटर, तर पायथ्याचे नेरळ जवळजवळ सपाटीलाच. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा मोटार रस्ता दहा किलोमीटरच्या आत सुमारे ७०० मीटर चढतो. म्हणजे सरासरी दर शंभर मीटरला सात मीटर किंवा त्याहून जास्त चढ. तुलनेसाठी, कर्जत ते लोणावळा रेल्वेमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा कर्जतला गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात. माथेरानचा मोटार रस्ता त्याच्या दुपटीहून उभा आहे.

नेरळ-माथेरान छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. पावसाळ्यात मात्र नेरळ ते अमन लॉज हा तिचा घाटातील भाग बंद ठेवला जातो. त्या चार महिन्यांत माथेरानचे रहिवासी, हॉटेलांत काम करणारे कामगार, विद्यार्थी, आजारी माणसे आणि पर्यटक या सगळ्यांचा मुख्य आधार म्हणजे नेरळची शेअर टॅक्सी. ही टॅक्सी वर्षानुवर्षे मारुती ओम्नी होती. रायगडात इतरत्र मिनीडोर आणि सहा आसनी रिक्षा चालत असताना या घाटात व्हॅनच का टिकली, याचे उत्तर तिच्या बांधणीत आहे.

पहिले कारण चाकांचे. ओम्नीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. मारुती ८००, अल्टो, वॅगन आर आणि स्विफ्ट या गाड्यांत ती पुढच्या चाकांना मिळते. गाडी चढावर आली की तिचे वजन मागे झुकते, मागची चाके रस्त्याला घट्ट दाबली जातात आणि पुढची हलकी होतात. मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाडीला याचा फायदा मिळतो. मागे माणसे बसली की पकड आणखी वाढते. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचे उलट होते. ओल्या, पाला पडलेल्या तीव्र वळणावर थांबून पुन्हा निघताना तिची पुढची चाके जागीच फिरू शकतात.

दुसरे कारण आकाराचे. ओम्नीची लांबी साडेतीन मीटरपेक्षाही कमी. चालक जवळजवळ पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन त्याच्या आसनाखाली असते, त्यामुळे पुढे बॉनेट नाही. नागमोडी वळणावर रस्त्याची कड चालकाला थेट दिसते आणि गाडी कमी जागेत वळते.

तिसरे कारण दुरुस्तीचे. मारुती ८०० मध्ये होते तसेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन ओम्नीत होते. त्यामुळे तिचे भाग गावोगावी मिळत आणि ती दुरुस्त करणारा मेकॅनिक नेरळमध्येच सापडे.

एप्रिल २०१९ मध्ये ओम्नीचे उत्पादन बंद झाले. नवी अपघात-सुरक्षा मानके तिच्या बांधणीत बसवणे शक्य नव्हते. २०१० मध्ये आलेली ईको हीच तिची वारसदार. ईकोतही मागचीच चाके गाडी ढकलतात, इंजिन मात्र सुमारे १२०० सीसीचे, चार सिलिंडरचे आहे. सीएनजीवर चालणाऱ्या ईकोची ताकद पेट्रोलपेक्षा थोडी कमी असते, त्यामुळे भरलेली गाडी घाटात चढवताना खालचा गिअर लवकर टाकावा लागतो.

जे कारण सोयीचे, तेच धोक्याचे

ओम्नीला बॉनेट नव्हते, म्हणूनच ती वळणावर चपळ होती. पण समोरून धडक बसली तर चुरगळून धक्का शोषून घेणारा भागही तिच्याकडे नव्हता. चालकाचे गुडघे आणि समोरचा पत्रा यांत फार थोडे अंतर असे. ईकोला पुढे छोटे नाक आहे, तरी २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम कडक झाले आणि एअरबॅग तसेच एबीएस ब्रेक नव्या गाड्यांत आले.

टॅक्सी किंवा शाळेची व्हॅन म्हणून जुनी ओम्नी अजून चालत असेल, तर तिच्यात या गोष्टी नाहीत हे प्रवाशाने लक्षात ठेवावे. अशा गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवणे म्हणजे ब्रेकवरचा भार वाढवणे. घरगुती गॅसचा सिलिंडर वापरून गाडी चालवण्याचा प्रकार बेकायदा तर आहेच, पण ओम्नीसारख्या बंदिस्त व्हॅनमध्ये गॅस गळला तर तो प्रवाशांच्या पायाशीच साठतो.

घाट चढण्यापेक्षा उतरणे अवघड का?

चढताना गाडी दमली तर ती थांबते. उतरताना ब्रेक दमले तर गाडी थांबत नाही. फरक एवढा सरळ आहे.

उंचावर नेलेल्या प्रत्येक वस्तूत ऊर्जा साठते. खाली येताना ती कुठेतरी जावी लागते. सुमारे १०५ किलोची स्कूटर आणि तिच्यावर दोन माणसे धरली तर एकूण वजन २४० किलोच्या आसपास होते. ती ७०० मीटर खाली येते तेव्हा साधारण १६ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. साध्या पाण्याचे पाच लिटर उकळीपर्यंत नेण्याइतकी ही उष्णता आहे. प्रवाशांसह १२०० किलोची व्हॅन असेल तर पंचवीस लिटर पाण्याइतकी. यातली काही ऊर्जा हवा आणि टायर खातात. उरलेली दोनच ठिकाणी जाऊ शकते: ब्रेकमध्ये किंवा इंजिनात.

फक्त ब्रेक दाबून उतरले तर ही सगळी उष्णता ब्रेकच्या काही इंचांच्या भागात साठते. ब्रेक लायनर तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुने असेल, त्यात ओलावा शिरला असेल, तर ते उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल दाबले तरी आत जाते पण गाडी अडत नाही. जळका वास येणे, पेडल मऊ लागणे आणि पूर्वीपेक्षा जास्त जोर लावावा लागणे ही त्याची आधीची लक्षणे. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन ब्रेक थंड होऊ देणे हाच उपाय. गरम ब्रेकवर एकदम पाणी ओतू नये.

दुसरी वाट म्हणजे इंजिन. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा, ही जुन्या चालकांची शिकवण याच कारणाने आहे. खालच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाके इंजिनाला फिरवतात, इंजिन त्यांना अडवते आणि ब्रेकचे काम कमी होते.

बिनगिअरच्या स्कूटरचे काय?

येथेच मोटारसायकल आणि स्कूटर यांच्यात मोठा फरक पडतो. जिक्सरसारख्या गिअरच्या मोटारसायकलीत दुसरा गिअर टाकला की इंजिन गाडी धरून ठेवते. अ‍ॅक्सेससारख्या स्कूटरमध्ये गिअर निवडता येत नाही. पट्टा आणि कप्प्यांची व्यवस्था वेगानुसार आपोआप बदलत राहते. त्यातच एक केंद्रोत्सारी क्लच असतो. वेग फार कमी झाला की हा क्लच सुटतो आणि इंजिनाचा चाकाशी संबंधच तुटतो. मग स्कूटर उतारावर मोकळी घरंगळते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

म्हणजे स्कूटर घाटात नेऊच नये असे नाही. ती नेताना दोन्ही ब्रेक एकत्र आणि थांबून थांबून वापरावेत, सतत दाबून ठेवू नयेत, वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवावा आणि लांब उतारावर अधूनमधून थांबावे. भारतात बिनगिअरची स्कूटर लोकप्रिय केली ती १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने. तेव्हापासून घाटातील हा प्रश्न तोच आहे, फक्त स्कूटरची संख्या कैकपट वाढली आहे.

ब्रेकच्या बाबतीत नियमही बदलले आहेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस किंवा एबीएस यंत्रणा, तर त्याहून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. एबीएसमुळे ओल्या रस्त्यावर चाक अडकून घसरत नाही. पण तापलेले ब्रेक थंड करणे त्याला जमत नाही. दोन वेगळे धोके आहेत, उपायही वेगळे.

इंजिन बंद करून उतरले तर पेट्रोल वाचते का?

हा समज अजून टिकून आहे आणि तो महागात पडतो. इंजेक्शन असलेल्या आजच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की संगणक पेट्रोल तोडतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागते. म्हणजे उतारावर न्यूट्रल केल्याने बचत होत नाहीच, हातातील सर्वांत मोठा ब्रेक मात्र जातो.

मोटारीचे इंजिन पूर्ण बंद केले तर आणखी एक गोष्ट घडते. ब्रेक पेडल हलके करणारी यंत्रणा इंजिनाच्या निर्वातावर चालते. इंजिन बंद झाल्यावर ती एक-दोन दाबांपुरतीच पुरते. पुढे पेडल दगडासारखे कठीण होते. किल्ली पूर्ण काढली तर स्टीअरिंगही अडकते.

दुसरा रस्ता: जुना महामार्ग आणि बोरघाट

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. आजही खोपोलीतून वर चढणारी जुनी वाट हीच दुचाकीची पुण्याकडे जाणारी मुख्य वाट आहे. घाटातील शिंगरोबाच्या मंदिराशी आजही वाहने थांबतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे स्थान, अशी कथा परिसरात सांगितली जाते. चालक तिथे नाणे टाकतात, हात जोडतात आणि पुढे निघतात. तांत्रिकदृष्ट्याही हा थांबा चांगला आहे. तेवढ्या वेळात इंजिन आणि ब्रेक थोडे निवतात.

खोपोली ते खंडाळा हा चढ पाचशे मीटरच्या आसपास आहे. उंचीचा फरक माथेरानपेक्षा कमी, पण वाहतूक कितीतरी जास्त. दुचाकीला इथे जड मालवाहू गाड्यांसोबत जावे लागते. अवजड वाहनाच्या डाव्या बाजूला, त्याच्या आरशात न दिसणाऱ्या जागेत राहणे वळणावर सर्वांत धोक्याचे. लांब गाडी वळताना तिची मागची चाके आतल्या बाजूने कापत येतात आणि दुचाकीला जागाच उरत नाही.

घाटाचा एक नियम वाहन परवाना घेताना शिकवला जातो, पण पाळला क्वचितच जातो: रस्ता दोन गाड्यांना पुरेसा नसेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा काढणे अवघड असते.

तिसरा रस्ता: द्रुतगती महामार्ग

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. सुमारे ९५ किलोमीटरच्या या मार्गाचा मोठा भाग खालापूर तालुक्यातून जातो आणि त्याचा एक टोलनाका खालापूरलाच आहे. या मार्गावर दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पादचारी यांना बंदी आहे. साधी स्कूटर असो वा महागडी सुझुकी हायाबुसा, नियम एकच. हायाबुसा ताशी शंभरची मर्यादा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ओलांडू शकते, पण बंदी गाडीच्या क्षमतेवर ठरलेली नाही.

ती ठरली आहे वेगांतील फरकावर. मोटारींसाठी सपाट भागात ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. अशा मार्गावर साठच्या वेगाने जाणारी स्कूटर मागून येणाऱ्या मोटारीसाठी अचानक समोर उभ्या राहिलेल्या अडथळ्यासारखी ठरते. मोठ्या ट्रकच्या बाजूने जाताना हवेचा जो झोत बसतो, त्याने मोटार किंचित हलते, हलकी दुचाकी मात्र रांगेबाहेर फेकली जाऊ शकते. आणि दुचाकीस्वाराभोवती पत्रा नसतो, पट्टा नसतो, एअरबॅग नसते.

या नियमाचा दुसरा पैलू स्थानिकांचा आहे. महामार्ग ज्यांच्या शेतातून गेला, त्या गावांतील बहुतेक घरांत वाहन असते ते दुचाकीच. डोळ्यांसमोरचा रस्ता त्यांना वापरता येत नाही आणि कारखान्यात, बाजारात किंवा स्टेशनला जायला जुन्या महामार्गाचा किंवा भुयारी वाटांचा वळसा घ्यावा लागतो. वळसा टाळण्यासाठी कुंपणाच्या फटीतून मार्गावर येणे किंवा उलट दिशेने जाणे हे दंडापेक्षा जिवाच्या दृष्टीने महाग आहे.

घाटाच्या वरच्या टप्प्यात, आडोशी बोगदा ते खंडाळा यादरम्यान, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात. त्यामुळे तेवढ्या अंतरात वाहतुकीची गर्दी होते आणि वेगवेगळ्या वेगाची वाहने एकाच ठिकाणी मिसळतात. हा टप्पा दोन्ही प्रकारच्या चालकांनी विशेष सावधपणे पार करावा.

दस्तुरीच्या पुढे काय?

माथेरानमध्ये मोटार वाहनांना पूर्वीपासून बंदी आहे. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले. दस्तुरीला मोटार आणि दुचाकी दोन्ही लावून पुढे चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या रेल्वेने जावे लागते. रुग्णवाहिकेसारखा अपवाद वेगळा.

या बंदीची किंमत माणसांनी मोजली. ओझी आणि प्रवासी वाहण्यासाठी माणसाने ओढायच्या हातरिक्षा माथेरानमध्ये दीर्घकाळ चालल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. मात्र ई-रिक्षांना मिळालेली ही मुभा खासगी वाहनांना लागू होत नाही. सुझुकीची असो वा कुणाचीही, स्वतःची इलेक्ट्रिक स्कूटर किंवा मोटार घेऊन माथेरानच्या बाजारात जाता येत नाही.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

- ब्रेक ऑइल आणि लायनर: पावसाळ्याआधी एकदा तपासून घ्यावेत. ऑइल कंपनीने दिलेल्या मुदतीत बदलावे.
- टायर: नक्षी झिजलेला टायर ओल्या घाटात सर्वांत आधी दगा देतो.
- शीतक द्रव: ओम्नी आणि ईकोत इंजिन आसनाखाली असते. उष्णतेचा काटा चढू लागला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.
- हेल्मेट: चालवणाऱ्यासोबत मागे बसणाऱ्यालाही कायद्याने आवश्यक.
- भार: शेअर टॅक्सीत जास्तीचा प्रवासी बसवायला नकार देणे हा प्रवाशाचा हक्क आहे.
- मार्ग: मोबाइलवरील नकाशात दुचाकीचा पर्याय निवडावा. मोटारीचा पर्याय तसाच राहिला तर नकाशा थेट द्रुतगती मार्गावर नेतो.

थोडक्यात

सुझुकीने भारताला हलकी, परवडणारी मोटार आणि हलकी, परवडणारी दुचाकी दिली. कर्जत-खालापूरच्या डोंगररस्त्यांवर या हलकेपणाचा फायदाही दिसतो आणि मर्यादाही. व्हॅनच्या ज्या बांधणीने माथेरानला पावसाळ्यात जगाशी जोडून ठेवले, तीच बांधणी धडकेत तोकडी पडली. जी स्कूटर शहरात सर्वांत सोपी, तीच लांब उतारावर सर्वांत जास्त काळजी मागते. वाहनावरचे नाव एकच असले तरी घाट त्याची चाके, गिअर, ब्रेक आणि भार पाहतो. म्हणून नेरळ किंवा खोपोलीच्या पायथ्याशी चालकाने एवढेच आठवावे: वर जाणे इंजिनाचे काम आहे, सुखरूप खाली येणे मात्र चालकाचे.